सांगवीची वेलांटी आणि पाच नंबरचा ब्लेड

‘सांगवी’ हा शब्द लाकडातून अखंड कापायचा म्हटलं, की पहिली अडचण अनुस्वाराची येते. बाकी सगळं शिरोरेषेला धरून लटकतं: ‘स’ आणि त्याचा काना, ‘ग’चे दोन सुटे भाग, ‘व’, शेवटची दीर्घ वेलांटी. अनुस्वार मात्र वर एकटाच असतो. कापून झालं की तो सुटून खाली पडतो. त्याला बारीक मान देऊन शिरोरेषेला जोडायचा, की वेगळा कापून मागच्या फळीवर चिकटवायचा, हे पेन्सिल हातात असतानाच ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट पोकळ्यांची. ‘स’मध्ये शिरोरेषा, आडवी दांडी आणि उभा दंड यांच्यामध्ये एक बंद खिडकी आहे. ‘व’च्या पोटात दुसरी आहे आणि वेलांटीची कमान शिरोरेषेवर टेकते तिथे तिसरी. या तीन ठिकाणी करवत बाहेरून शिरू शकत नाही. तिथे आधी ड्रिलने भोक पाडायचं, ब्लेडचं एक टोक यंत्रातून सोडवून त्या भोकातून ओवायचं, पुन्हा घट्ट करायचं आणि मग आतून कापायचं. एका गावाच्या नावात हे तीनदा करावं लागतं.

बारामतीहून फलटणकडे जाताना नीरा नदीच्या काठी सांगवी लागते. चहूकडे ऊस आणि कालव्याचं पाणी. नव्या बंगल्यांच्या फाटकांवर ग्रॅनाइटच्या, अ‍ॅक्रिलिकच्या, लेझरने कापलेल्या पाट्या दिसतात. अशी पाटी घरच्या पडवीत स्वतःच्या हाताने कापणं कठीण नाही. त्यासाठी लागणारं यंत्र आहे स्क्रोल सॉ. त्यावरची बहुतेक पुस्तकं आणि नक्षीचे नमुने इंग्रजी अक्षरांसाठी आणि परदेशी लाकडांसाठी बनलेले आहेत. आपली अक्षरं, आपलं लाकूड आणि आपली वीज यांचा हिशेब इथेच मांडावा लागतो.

यंत्र साधं, काम नाजूक

स्क्रोल सॉ म्हणजे एक लोखंडी टेबल आणि त्याच्या मधल्या भोकातून वरखाली धावणारा, पाच इंच लांबीचा बारीक ब्लेड. वरचा आणि खालचा दांडा ब्लेडला दोन्हीकडून ताणून धरतो. लाकूड स्थिर आणि करवत हलती हा सुताराचा नेहमीचा रिवाज. इथे करवत जागच्या जागी धावते आणि लाकूड दोन्ही हातांनी फिरवायचं असतं. घरगुती यंत्राची चाल मिनिटाला साधारण 400 ते 1600 फेऱ्यांची असते आणि एका बटणाने ती कमीजास्त करता येते. ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर बहुधा 16 इंच असतं, म्हणजे पाटी जितकी लांब, तितकी ती वळवताना मागे अडते. दोन फुटांची पाटी करायची असेल तर अक्षरांचे दोन भाग करून शिरोरेषेत सांधा देणं हा सरळ उपाय.

याचा पूर्वज हाताचा फ्रेट सॉ. इंग्रजी ‘यू’च्या आकाराची चौकट, तिच्यात तोच बारीक ब्लेड. फ्रान्समधल्या आंद्रे-शार्ल बूल (1642–1732) याच्या कासवाच्या पाठीच्या आणि पितळेच्या जडावकामाला अशाच करवतीचा आधार होता. लंडनमध्ये 1760च्या दशकात जॉन स्पिल्सबरीने लाकडावर चिकटवलेले नकाशे देशांच्या सीमांवरून कापले आणि मुलांना भूगोल शिकवायला दिले. जोडकोड्याचा जन्म तिथला. पुढे इंग्लंडमधल्या डेरहॅम गावातून 1895 पासून ‘हॉबीज’ हे साप्ताहिक निघू लागलं, त्यात फ्रेटवर्कचे नमुने असत. पायाने चालवायच्या करवतीही तेव्हा अनेक घरांत होत्या.

स्पिल्सबरीची कल्पना आपल्याकडे आजही ताजी वाटते. 2014 साली पालघर झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे 36 झाले. 6 मिलिमीटरच्या प्लायवूडवर नकाशा चिकटवून जिल्ह्यांच्या सीमा कापल्या, तर घरातल्या चौथीच्या मुलासाठी याहून चांगलं खेळणं सापडणार नाही. सिंधुदुर्ग आणि गडचिरोली हातात धरून जागेवर बसवलं की ते डोक्यात पक्कं बसतं.

सगळं गणित ब्लेडचं

नवशिक्या माणूस यंत्राच्या मोटारीबद्दल विचारतो. विचारायला हवं ब्लेडबद्दल.

ब्लेड दोन तऱ्हेचे. एकाच्या टोकांना आडवी पिन असते, दुसरा साध्या टोकांचा. स्वस्त यंत्रांपैकी काही फक्त पिनचाच ब्लेड घेतात. पिन ओवायची तर भोकही तेवढंच मोठं पाडावं लागतं, आणि ‘व’चं पोट लहान असेल तर ते भोकच अक्षर खाऊन टाकतं. साधा ब्लेड मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या भोकातून जातो. म्हणून यंत्र घेताना एवढी एक गोष्ट नीट पाहावी: साध्या टोकाचा ब्लेड पकडणारा चिमटा आहे का. रंग, दिवा, फुंकर मारणारी नळी हे सगळं नंतर.

ब्लेडला नंबर असतात. नंबर वाढतो तसा ब्लेड रुंद आणि जाड होतो, दात मोठे होतात. पातळ प्लायवर बारीक नक्षीला 1 ते 3 नंबर, 6 ते 12 मिलिमीटरच्या रोजच्या कामाला 5 नंबर, इंचभर जाड सागाला 9 किंवा 12. लाकडाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात बसले पाहिजेत, हा जुना नियम लक्षात ठेवला की नंबर चुकत नाही. तीनपेक्षा कमी दात असले तर लाकूड उड्या मारतं. प्लायवूडसाठी खालचे काही दात उलटे असलेला ब्लेड मिळाला तर घ्यावा. खालच्या बाजूला पापुद्रे उडतात, ते पुष्कळ कमी होतात.

दात खाली रोखलेले असावेत. उलटा लागलेला ब्लेड लाकूड उचलून आपटतो, आणि नवखा माणूस घाबरून यंत्राला दोष देतो. बोट दातांवरून हलकेच वर नेलं की ते टोचतात आणि खाली नेलं की सरकतं, यावरून दिशा कळते. हे यंत्र बंद करून, प्लग काढूनच करायचं.

ताण किती द्यायचा हे कानाने ओळखतात. ब्लेडला नखाने छेडलं तर स्वच्छ, चढा सूर यायला हवा. थडथड आवाज आला तर ब्लेड सैल. बोटाने बाजूला दाबल्यावर तो तीनेक मिलिमीटरपेक्षा जास्त वाकू नये. सैल ब्लेड जाड लाकडात पोट काढतो. वरून रेषेवर चाललेलं काम खालून तिरकं निघतं आणि ते लक्षात येतं तुकडा पालथा केल्यावर.

टेबल ब्लेडशी काटकोनात आहे का हे तपासायची युक्ती सोपी आहे. लहान गुण्या लावून बघावंच. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे जाडसर भंगार लाकडाच्या कडेला एक छोटी खाच कापायची, तुकडा तसाच वळवून ब्लेडच्या मागच्या बाजूला न्यायचा आणि तीच खाच ब्लेडवर सरकवायची. ब्लेड अलगद खाचेत गेला तर काटकोन बरोबर. अडला तर टेबल अर्ध्या चुकीने फिरवायचं.

आणखी एक खोड प्रत्येकाला भेटते. सरळ रेषा कापताना लाकूड नाकासमोर सरकवलं तरी काप एका बाजूला जातो. घडणीत ब्लेडच्या एका कडेवर धातूची बारीक उठलेली धार (बर) राहते, ती बाजू जास्त चावते. यावर औषध नाही, सवय आहे: लाकूड किंचित तिरकं धरून सरकवायचं. पंधरा-वीस मिनिटं भंगार प्लायवर सरळ रेघा, लाटा आणि कोन कापत बसलं की हात आपोआप तो कोन धरतो.

टोकदार कोपऱ्यात, जसं ‘ग’च्या गाठीपाशी, लाकूड पुढे ढकलणं थांबवून ब्लेडच्या मागच्या, बिनदाती कडेला हलकेच टेकवायचं आणि जागच्या जागी गर्रकन फिरवायचं. बाहेरचा कोपरा असेल तर रेषा ओलांडून टाकाऊ भागात एक गोल वळसा घ्यावा आणि पुढच्या रेषेवर यावं. वळवताना ब्लेडवर बाजूने जोर पडला की तो तुटतो. ब्लेड तुटणारच आहेत. ते डझनाने विकले जातात ते यासाठीच. मोठा आवाज होतो, बाकी फारसं काही होत नाही. हात जागेवर ठेवून आधी बटण बंद करायचं.

काटकसरीचीही एक वाट आहे. ब्लेड जेमतेम पाऊण इंच वरखाली होतो, म्हणून पातळ लाकडात त्याचा मधला भागच झिजतो. टेबलावर अर्ध्या इंचाची प्लायवूडची फळी मध्ये भोक पाडून बसवली, की काम वर उचललं जातं आणि त्याच ब्लेडचे न वापरलेले दात कामाला लागतात.

ब्लेड मिळतात कुठे? पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी अवजारांसाठी जुनी प्रसिद्ध आहे. सराफी अवजारांच्या दुकानांतही बारीक करवतीचे ब्लेड मिळतात. त्यांची लांबीही तेवढीच असल्याने ते साध्या चिमट्यात बसतात. पण ते धातूसाठी घडवलेले. दात इतके बारीक, की लाकडाचा भुसा त्यांत अडकतो आणि ब्लेड तापतो. पितळी पत्र्यातून एखादं अक्षर कापायला मात्र तेच उत्तम.

बाभूळ, साग आणि पेट्यांचं पाइन

या भागातल्या सुताराचं खरं लाकूड बाभळीचं. बैलगाडीला, औताला तेच लागे. चिवट, जड, टिकाऊ. ट्रॅक्टर आले तसं ते काम आटत गेलं, पण लाकूड हातात घेऊन त्याची रेषा कुठे जाईल हे सांगणारी माणसं गावागावांत अजून आहेत. छंदिष्टाने पहिली फळी घेण्याआधी त्यांच्यापाशी जाऊन बसावं. ते शिक्षण विकत मिळत नाही.

स्क्रोल सॉसाठी बाभूळ अवघड. दाट लाकडात ब्लेड तापतो आणि कडा करपतात. साग कापायला गोड असला तरी त्याच्या अंगात वाळूसारखी सिलिका असते, तिने दात लवकर बोथट होतात. आंबा स्वस्त, मऊ, पण पूर्ण वाळलेला हवा. शिवण हलकी आणि सरळ वागणारी. हळदू मिळालं तर बारीक कोरीव जाळीसाठी सोडू नये, त्याचा पोत एकसारखा असतो आणि पिवळा रंग रंगाशिवायही देखणा दिसतो.

देवनागरी अक्षरांना अखंड लाकूड फार जपून वापरावं लागतं, याचं कारण रेषांत आहे. शिरोरेषा लाकडाच्या रेषांच्या दिशेने ठेवली की ती मजबूत होते, पण तिच्यापासून लोंबणारे सगळे दंड आडव्या रेषांचे होतात आणि टचकन मोडतात. रेषा उभ्या घेतल्या तर दंड टिकतात, शिरोरेषा तुटते. रोमन अक्षरं सुटी कापून चिकटवतात, त्यांना हा पेच पडत नाही. आपल्याला प्लायवूड बरं: त्याचे थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असतात. 6 मिलिमीटरचा, आत पोकळ जागा नसलेला चांगला प्लाय घ्यावा. पाटी उन्हापावसात लागणार असेल तर उकळत्या पाण्याला टिकणारा, आयएस 710 शिक्क्याचा. नवशिक्याने सुंदर वळणांच्या, बारीक-जाड अक्षरांच्या मोहात पडू नये. एकसारख्या जाडीचं अक्षर आणि बोटभर रुंद शिरोरेषा एवढं पुरे.

फुकटचं लाकूडही आहे. बारामतीच्या एमआयडीसीसारख्या ठिकाणी यंत्रं आणि सुटे भाग ज्या पेट्यांतून आणि पॅलेटवरून येतात, ते पाइन भंगारवाल्यांकडे विकायला येतं. कापायला ते लोण्यासारखं. घेताना त्यावरचा आंतरराष्ट्रीय शिक्का वाचायचा. ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे, ते घ्यावं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते घरात आणू नये. आणि चुंबक फिरवून खिळे शोधल्याशिवाय कोणतीही पेटी यंत्राला लावू नये.

सावंतवाडी आणि म्हैसूर

मराठी मुलखात लाकडी खेळण्यांचं गाव म्हटलं की सावंतवाडी. तिथल्या चितारआळीत लाकडी फळं, ठकी, बैल, पाट, चौरंग रंगतात. परंपरेने यासाठी पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरत आले. सावंतवाडीच्या राजघराण्याने गंजिफा आणि लाखकामाला राजवाड्यातच आसरा दिला, म्हणून ती कला तगली. तिथे पाहण्यासारखं आहे ते रंगाआधीचं काम. लाकूड पुरतं वाळवणं, घासणं, फटी बुजवणं. घरी करणारा नेमका इथेच घाई करतो.

बारीक करवतीचं अस्सल भारतीय काम मात्र म्हैसूरला दिसतं. शिसवीच्या फळीवर हत्ती, देवळं, निसर्गदृश्यं जडवतात. प्रत्येक रंगासाठी वेगळं लाकूड, आणि प्रत्येक तुकडा फ्रेट सॉने कापून खोदलेल्या खाचेत बसवलेला. रंगवलेलं काहीच नाही. स्क्रोल सॉ असलेला माणूस हे छोट्या प्रमाणात करू शकतो: साग आणि हळदूचे दोन पातळ तुकडे दुतर्फा टेपने एकावर एक चिकटवायचे, टेबल दोन-तीन अंश कलतं करायचं आणि एकदाच आकार कापायचा. एकाची नक्षी दुसऱ्याच्या भोकात अशी बसते, की मध्ये फट राहत नाही.

कंदील आणि मखर

महाराष्ट्रात 23 मार्च 2018ला प्लास्टिक आणि थर्माकोलवरील बंदीची अधिसूचना निघाली आणि गणपतीच्या मखरांचा प्रश्न घरोघरी उभा राहिला. पुठ्ठा, कापड, कागद आले. प्लायवूडची महिरप त्या सगळ्यांपेक्षा जास्त टिकते, घडी करून माळ्यावर जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहते. नमुन्यासाठी फार लांब जायला नको. पुण्याच्या विश्रामबाग वाड्याची लाकडी दर्शनी बाजू, केळकर संग्रहालयातले जुने दरवाजे, आणि नीट पाहिलं तर पाहुण्यांच्या जुन्या वाड्यातली देवळी. वहीवर कोयरी आणि कमळाचा अर्धाच भाग काढायचा, कागद मधोमध दुमडून कापायचा, की दोन्ही बाजू जुळतात.

दिवाळीसाठी आकाशकंदील हे याहून सोपं काम. चार मिलिमीटरच्या प्लायचे चार सारखे चौकोन एकावर एक ठेवून कडांना टेप गुंडाळायची. वर आधी कागदी मास्किंग टेप, तिच्यावर गोंदाने नक्षीचा कागद, आणि त्या कागदावर पुन्हा पारदर्शक चिकटपट्टी. या पट्टीमुळे ब्लेड गरम होत नाही आणि कडा करपत नाहीत. खालच्या टेपमुळे कागद शेवटी एका झटक्यात निघतो, लाकडावर खरवडत बसावं लागत नाही. मग सगळी भोकं पाडायची, सात नंबरचा ब्लेड लावायचा आणि मधल्या बारीक नक्षीपासून बाहेर यायचं. बाहेरची कड सर्वांत शेवटी. ती आधी कापली तर बोटांना धरायला जागा उरत नाही. चार जाळ्या एकदम हातात येतात.

भोकं असलेल्या जाळीत अक्षरं घालायची हौस असेल तर इथे गणित उलटतं. इथे अक्षराचाच भाग पडतो आणि लाकूड उरतं, म्हणून ‘व’च्या पोटातला तुकडा बाहेरच्या लाकडाला बारीक पुलाने जोडलेला ठेवावा लागतो. पूल नक्षीचाच भाग वाटेल अशा जागी काढणं, यात करणाऱ्याची नजर दिसते.

पॅनेल जोडताना कडा तिरक्या कापण्याची धडपड नको. आतल्या कोपऱ्यांत चौकोनी पट्ट्या फेविकॉलने लावाव्यात. जाळीमागे पतंगाचा कागद आणि आत एलईडीचाच दिवा, कारण जुना पिवळा बल्ब कागद तापवतो. अळशीचं तेल लावलंत तर तेलाचा बोळा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून उन्हात वाळवा आणि मगच फेका.

धूळ, वीज, पदर

ही करवत चक्राकार करवतीइतकी क्रूर नाही, म्हणून लोक गाफील राहतात. बोट ब्लेडच्या थेट समोर कधीच नसावं, दोन्ही बाजूंना असावं. लाकूड दाबून धरणारा पाय खाली उतरवलेला असावा. पदर, ओढणी, उपरण्याचं टोक खोचून घ्यावं. डोळ्यांना चष्मा हवाच.

धुळीचं कुणी फारसं मनावर घेत नाही आणि खरा धोका तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995मध्ये लाकडाच्या धुळीला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या यादीत घातलं. नाकाच्या पोकळीचा कर्करोग त्यातला प्रमुख. एमडीएफची धूळ तर पिठासारखी बारीक. एन-95 मुखपट्टी लावून उघड्या पडवीत बसावं, घराच्या बंद खोलीत नाही. यंत्राची नळी रेषेवरची धूळ फुंकून तुमच्याच तोंडावर आणते.

वीज फार लागत नाही. घरगुती यंत्र शंभर-सव्वाशे वॉटच्या आसपास, म्हणजे चांगल्या इन्व्हर्टरवरही चालतं. अमेरिकेतल्या भावाबहिणीने आणलेलं यंत्र मात्र सरळ प्लगमध्ये घालू नये. तिथली वीज 120 व्होल्टची, आपली 230. ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि तिथल्या 60 ऐवजी आपल्या 50 हर्ट्झवर काही मोटारी मंदही चालतात. नवं यंत्र इथलंच घ्यावं. ते जड टेबलाला बोल्टने आवळावं आणि खाली रबराची पट्टी द्यावी. थरथर थांबली की अर्धं काम सुधारतं.

लेझरवाला हीच पाटी काही मिनिटांत करून देतो, हे खरं. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात, 2002मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब उभी राहिली, तेव्हापासून संगणकाने कापणं ग्रामीण मुलांच्याही हाताला लागलं आहे. पण डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983मध्ये तो आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्यासाठी. तिथल्या अभ्यासक्रमात सुतारकाम, वेल्डिंग, शेती सगळं आहे. लेझर आणि करवत यांत भांडण नाही. इंचभर जाड सागातून काळी न पडलेली, स्वच्छ कड हवी असेल तर अजूनही करवतच लागते.

ज्यांना यंत्राचा खर्च आत्ता नको, त्यांनी हाताचा फ्रेट सॉ, डझनभर पाच नंबरचे ब्लेड आणि टेबलाला आवळायची ‘व्ही’ खाचेची फळी घ्यावी. महिनाभर त्यावर काम करून हौस टिकली तर यंत्र घ्यावं. आणि एक विनंती शिक्षकांना. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडे शिकण्याचे सांगितले आहेत. सांगवी परिसरातल्या शाळांनी त्यातले दोन दिवस तरी गावातल्या सुताराला द्यावेत, आणि प्रत्येक मुलाने पहिला शब्द स्वतःच्या गावाचा कापावा.